बस म्हणता न येणारा ड्रायव्हर

डेपोत त्याला टॉपगिअर म्हणत. गाडी जोरात चालवायचा म्हणून नव्हे. गाडी तो इतकी सांभाळून चालवायचा की मागच्या बाकावर बसून एखाद्या म्हातारीने सुईत दोरा ओवावा. नाव पडलं ते जेवणावरून. डबा उघडला की पहिला, दुसरा, तिसरा ही भानगड नाही, एकदम टॉप. समोरचा हात धुऊन येईपर्यंत ह्याचा डबा धुऊन झालेला.

ह्यात त्याचा दोष म्हणावा तर अर्धाच. पाच भावंडांचं घर, मधोमध एक पातेलं, आणि ज्याचं ताट आधी रिकामं त्याला दुसरी वाढ. हा सगळ्यांत धाकटा. तिथे चावत बसणाऱ्याला डाळीच्या पाण्यात स्वतःचं तोंड बघत बसावं लागे. लहानपणी लागलेली ही सवय पुढे नोकरीने पोसली. दोन फेऱ्यांच्या मधे मिळेल ते गिळायचं, वरून पाणी ओतायचं आणि क्लच दाबायचा. आता वय पन्नाशीपुढे गेलं, पोट स्टिअरिंगला टेकू लागलं, भावंडं आपापल्या घरी सुखाने जेवू लागली. पण हा मात्र ती अजून समोरच बसली आहेत अशा धास्तीने जेवायचा.

मग डेपोच्या तपासणीत रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, "खाली आणा. तीन महिन्यांनी पुन्हा बघतो. नाही आली तर तुम्हाला गाडीवरून उतरवावं लागेल. माझा नाइलाज आहे."

उतरवणं म्हणजे चौकशीची खिडकी. तिथे बसणारा माणूसही एकेकाळचा ड्रायव्हर, नजर अधू झाली म्हणून खाली आणलेला. लोकांना गाड्यांच्या वेळा नीट सांगायचा बिचारा, पण टेबलाखाली त्याचा उजवा पाय मधूनमधून जमीन दाबायचा. ब्रेक मारायचा तो. टॉपगिअरने एकदा पडलेला पेन उचलताना तो पाय पाहिला होता आणि तेव्हापासून खिडकीकडे बघायचं त्याने सोडलं होतं. गाडी गेली तर आपलं काय उरतं, हा विचारच त्याला नको असायचा.

डॉक्टरांनी बायकोलाही बोलावून सांगितलं होतं. "उपाशी ठेवू नका. पोटभर खाऊ द्या, फक्त पोटाला बराच वेळ आधार राहील असं द्या. भाज्या, कडधान्यं, डाळी, अंडी, दही. तळलेलं आणि गोड बंद." बायकोने ते मनावर घेतलं. जुना डबा बाद करून तिने मोठा घेतला. त्यात घेवडा, मसूर, उकडलेली अंडी, काकडी-गाजराचे काप, कडेला चार घास भात. दोन माणसं जेवून उठतील एवढा ऐवज.

आणि हा तो सगळा खायचा, तरी भुकेला तो भुकेलाच. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. पोट तट्ट व्हायचं, श्वास घ्यायला जागा नसायची, तरी भरल्यासारखं म्हणून वाटायचं नाही. थोडा वेळ गेला की पोटात पुन्हा कावळे. सिग्नलला बोटं स्टिअरिंगवर ताल धरायची, डावा गुडघा आपला आपण हलत राहायचा, नजर रस्ता सोडून दुकानांच्या पाट्यांकडे धावायची. शेवटच्या थांब्यावर एक टपरी होती. "जरा हवा बघून येतो टायरची," असं म्हणून तो टपरीमागे गोड बन खायचा आणि मिशीवरचा चुरा झटकून परत यायचा. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्यातली गत. टायरात एवढी हवा बघणारा ड्रायव्हर डेपोत दुसरा नव्हता.

घरी रात्री वेगळंच. बायको उभी राहून वाढायची आणि विचारायची, "अजून?" हा बोलायचा नाही, ताट पुढे करायचा. पुन्हा "अजून?" पुन्हा ताट. पातेलं संपलं की जेवण संपलं, असा साधा हिशेब. मग हा उठून गॅलरीत येरझाऱ्या घालायचा. आत स्वयंपाकघरात पातेल्यावर डाव घासल्याचा आवाज यायचा, खर्र, खर्र, बराच वेळ. डेपोत तो कौतुकाने सांगायचा, "आमच्याकडे भांडी आरशासारखी. बायको जेवणं झाली की लगेच घासायला घेते."

त्याच्या गाडीवर कंडक्टरबाई होती. वयाने त्याच्या पुतणीएवढी, जिभेने त्याच्या सासूएवढी. तिची एक सवय त्याच्या डोक्यात जायची. ती फार हळू जेवायची. एकेक घास चावत खिडकीबाहेर बघत बसायची आणि त्याचा जीव नुसता टांगणीला लागायचा. एकदा न राहवून त्याने विचारलं, "बाई, रवंथ करता का?" ती म्हणाली, "दाढ काढलीय काका. एकाच बाजूने चावावं लागतं. तुमच्या तर बत्तीसच्या बत्तीस आहेत, त्या काय सुट्टीवर असतात?"

आता बसमधला एक नियम सांगायला हवा, म्हणजे पुढचं कळेल. कंडक्टरने दोरी ओढून एक टोला दिला की थांब, दोन दिले की चल. ड्रायव्हरला मागचं दार दिसत नाही. कोण चढलं, कुणाचा पाय अजून रस्त्यावर आहे, हे त्याला टोलाच सांगतो. इतक्या वर्षांत हे त्याच्या डोक्यातून निघून थेट पायात गेलं होतं. दोन टोले पडले की पाय क्लचवरून आपोआप उठायचा, मन कुठेही असो.

त्या सकाळी मन डब्यात होतं. बाजाराचा थांबा, गर्दी, माणसं चढतायत. घरून निघताना नाश्ता झालेला, तरी भूक तशीच. एक गाजराचा काप तर खाऊ, गाजराने कोण मेलंय, असं म्हणून त्याने सीटशेजारच्या डब्याचं झाकण सरकवलं. आतला चमचा झाकणावर आपटला. टण, टण.

पाय उठला. गाडी हलली.

मागे एकच ओरडा झाला आणि टोल्यांचा भडिमार सुरू झाला. त्याने करकचून ब्रेक मारला. एक आजोबा दाराच्या दांडीला लोंबकळत होते, एक पाय पायरीवर, दुसरा हवेत. त्यांची पिशवी सुटून टोमॅटो रस्ताभर पसरले होते. आजोबांना काही झालं नाही. त्यांची वाचाही शाबूत होती, कारण पुढचे तीन थांबे त्यांनी ड्रायव्हरच्या सात पिढ्या काढल्या. बाईने टोमॅटो गोळा केले, आजोबांना जागा करून दिली आणि पुढे आली.

"काका, मी बेल दिली नव्हती."

"दिली की. दोन दिल्या."

"माझा हात दोरीवर नव्हताच."

दोघांनी एकदमच डब्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडात गाजर होतं आणि ते ना गिळता येत होतं ना थुंकता.

शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाली. तो सीटवरून उठलाच नाही. साखरेने गाडी जायची ती जाईल, पण आज एखाद्याचा जीव गेला असता, आणि तो गाजरापायी. बाई इंजिनाच्या झाकणावर येऊन बसली.

"हे मी वर सांगितलं तर?"

त्याने डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"नाही सांगणार. पण उद्यापासून जेवण माझ्यासमोर. मागच्या बाकावर, बसून. एक घास घ्यायचा, चमचा खाली ठेवायचा. मी दोन टोले दिल्याशिवाय उचलायचा नाही."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"बाळ बरं. ते पोट भरलं की तोंड फिरवतं."

दुसऱ्या दिवशी तमाशा सुरू झाला. हा घास घ्यायचा, चमचा ठेवायचा. बाई स्वतःचा घास सावकाश चावून संपवायची आणि मग तिकिटं टोचायचा चिमटा दांडीवर आपटायची, टक, टक. नवल असं की टोल्याआधी ह्याचा हात उठायचाच नाही. चिडायचा, दातओठ खायचा, पण हात उठायचा नाही. नोकरीने त्याला एवढं मात्र पक्कं शिकवलं होतं.

पहिले काही दिवस जिवाचे हाल झाले. दोन घासांच्या मधल्या वेळात करायचं काय, हेच त्याला कळेना. पाय हलवून झाला, खिडकीची काच वरखाली करून झाली, बाईला मनातल्या मनात शिव्या देऊन झाल्या. शेवटी दुसरा उद्योगच नाही म्हणून तो चावायला लागला. आणि चावायला लागल्यावर त्याला कळलं की घेवड्यात लसूण आहे, करपू न देता कुरकुरीत केलेला. मसुराला लिंबू पिळलेलं आहे. "बाई, हे आजच घातलंय का हो?" त्याने विचारलं. "मला काय विचारता? डबा तुमचा," ती म्हणाली. रोजच घातलेलं असणार. ह्याच्या घशाला ते भेटलं होतं, जिभेला नव्हतं.

असंच एका दुपारी बाईने टक, टक केलं आणि त्याचा हात उठला नाही. डब्यात अजून बरंच होतं. त्याला घाम फुटला.

"बाई, मला काहीतरी होतंय."

"काय होतंय?" ती घाबरून उठली. "छातीत दुखतंय?"

"नाही. हात उचलावासाच वाटत नाही."

तिने त्याच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि मटकन खाली बसली. "अहो काका, पोट भरलंय तुमचं! घाबरवलंत ना मला."

पोट भरलंय. तो स्वतःशीच चाचपून बघू लागला. जडपणा नव्हता. धापही लागली नव्हती. आतली ओढ तेवढी थांबली होती, इतकी वर्षं चालू राहिलेलं इंजिन कुणीतरी बंद करावं तशी. बरं वाटण्याऐवजी त्याला आधी कसंतरीच झालं. आता ह्या रिकाम्या हातांचं काय करायचं? त्या दिवशी तो टपरीमागे गेला नाही, पण दोनदा खरंच टायरची हवा बघून आला.

तीन महिने भरले. डॉक्टरांनी कागद वाचून भुवया उंचावल्या. "दुपारच्या जेवणानंतरची साखर छान उतरलीय. सकाळची उपाशीपोटीची मात्र आहे तिथेच. रात्री काय गोंधळ घालता?" त्यांनी कागद त्याच्यापुढे सरकवला. "आणखी एक महिना देतो. रात्रीचं आवरा. नाहीतर खिडकी."

घरी जाताना त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दुपारी टोला द्यायला बाई होती, घरी कोण? बायकोला चिमटा आपटायला सांगायचा? ती डोक्यावर परिणाम झाला म्हणेल. आणि टपरीचं सगळं कबूल करावं लागेल ते वेगळंच.

रात्री तो ताटावर बसला. पाय मांडीखाली दाबून धरला, तरी हलतच होता. घास घेतला, चमचा ठेवला. मनातल्या मनात टक, टक. पुन्हा घास. बायको पातेलं घेऊन शेजारी उभी, चकित होऊन बघत होती. मधेच तिने विचारलं, "बरं नाही का?" त्याने मान हलवली. बऱ्याच वेळाने ती ओढ हळूच थांबली. नेमकं तेव्हाच डाव पुढे आला.

"अजून?"

ताट पुढे करायला हात उठत होता. त्याने तो दुसऱ्या हाताने धरला.

"बस," तो म्हणाला.

बायको बसली.

इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून हा शब्द जेवताना कधी निघालाच नव्हता, त्यामुळे तो जेवण थांबवायलाही वापरतात हे तिच्या ध्यानातच आलं नाही. पातेलं मांडीशी घेऊन ती त्याच्यासमोर बसली. "बसले. काय झालं? डॉक्टर काय म्हणाले? गाडी गेली का?"

"अगं, पुरे म्हणत होतो मी. पोट भरलं."

तिने पातेल्यात पाहिलं. त्यात भाजी होती, चांगली निम्म्यावर. ती नुसती बघतच राहिली.

"एवढ्याचं काय करू?" ती म्हणाली.

"जेव की. तू कधी जेवतेस?"

"जेवते की. तुमचं झालं की, आत. जे असेल ते." आणि घाईघाईने म्हणाली, "दुपारी तर मी पोटभरच जेवते."

जे असेल ते. पण असायचं काय? पातेलं तर रोज त्यानेच संपवलेलं असायचं. गॅलरीत येरझाऱ्या घालताना ऐकलेला तो आवाज त्याच्या कानात आला, खर्र, खर्र, बराच वेळ. भांडी घासण्याचा नव्हता तो. आणि तो आवाज त्याने डेपोभर कौतुकाने सांगितला होता. त्याला इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

त्याने उठून एक ताट आणलं, तिच्यापुढे ठेवलं आणि तिच्या हातून डाव घेतला. त्याला नीट वाढता येत नव्हतं, भाजी ताटाच्या काठावर सांडली. ती जेवू लागली. भरभर जेवत होती, थेट त्याच्यासारखी, कुणी हिसकावून नेईल अशी. त्याला तिला हळू म्हणायचं होतं, पण ते म्हणायचा अधिकार आपल्याला नाही असं वाटून तो गप्प बसला.

ताट रिकामं झालं.

"अजून?" त्याने विचारलं.

ती बोलली नाही. तिने ताट पुढे केलं.