मनानं दिलेली टिप

मला त्या वेटरचा लई राग यायचा. त्यानं माझं काय घोडं मारलं होतं? काहीच नाही. पण खोटं कशाला बोलू, पोटात दुखायचं माझ्या.

आमची मुलगी लातूरला शिकायला आहे. महिन्यातल्या एका रविवारी आम्ही नवरा-बायको नांदेडहून तिला भेटायला जातो आणि दुपारी तिघं मिळून तिच्या होस्टेलजवळच्या हॉटेलात जेवतो. तिथं गेलं की आमच्या ह्यांचा नूरच बदलतो. शेवभाजीचा पहिला घास तोंडात गेला की, "वा! क्या बात है! आज कमाल केली गड्या." वेटर लाजतो. निघताना बडीशेपेच्या ताटलीत त्याच्यासाठी नोट, वर पाठीवर थाप.

आणि घरी? घरी मुकाट जेवतात आणि उठतात. काही कमी पडलं तरच तोंड उघडतं. सासरची रीतच ती, सासरे तसेच, दीरही तसेच. पुरुषमाणूस गुमान जेवून उठला म्हणजे सैपाक चांगला झाला, असं बाईनं समजून घ्यायचं. मग वेटरला का नाही समजून घ्यायला लावत? भाजी त्यानं केली होती का? नुसती आणून तर ठेवली!

दिवाळीनंतर गेलो तर बिलाच्या तळाशी नवीच ओळ होती, सर्विस चार्ज. ह्यांचं टाळकं सरकलं. "मी देतोच की ह्याला दरवेळी. बिलात कशाला लावला?"

गल्ल्यावरचा म्हणाला, "साहेब, सगळ्यांनाच लावून राहिलो आता."

"पप्पा, नको असेल तर काढायला सांगता येतं," मुलगी म्हणाली.

ह्यांनी तो काढायला लावला आणि तेवढेच, उलट थोडे जास्तच, वेटरच्या हातात ठेवले. "हे बघ, द्यायचं ते मनानं. वसूल केलं की मजा जाते."

झालं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि मला कधी देणार मनानं?"

"तुला? तुला कशाला टिप?"

"पैसे नकोत मला. एक शब्द पाहिजे. एवढी वर्षं रांधून घालून राहिले, एकदा तरी म्हणलात का, चांगलं झालं म्हणून? जळते मी ह्या वेटरवर, जळते!"

वेटर रिकामे ग्लास उचलून पळालाच. मुलगी मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसली. परतीची एसटी अहमदपूरला थांबली. तेव्हा हे म्हणाले, "बरं. म्हणत जाईन."

आणि म्हणायला लागले की हो! दुसऱ्या दिवशी जेवता जेवता, "मस्त झालंय." मी अशी हरखले की शेजारणीला सांगून आले. रात्री पुन्हा, "मस्त झालंय." मग रोजच. पुढं पुढं तर ताट समोर आलं की लगेच, भाकरीचा तुकडाही मोडायच्या आधी. एकदा घाईत वरणात मीठ टाकायचं राहिलं. मी नंतर जेवायला बसले तेव्हा कळलं. ह्यांची वाटी केव्हाच रिकामी झाली होती आणि "मस्त झालंय" म्हणून हे बाहेर पेपर वाचत बसले होते. कणभर कमी पडलं तरी ज्यांना चालायचं नाही, ते!

भांडायला तरी कुठल्या तोंडानं जाऊ? बिलात मीच लावून घेतलं होतं.

पुढच्या महिन्यात पुन्हा लातूर, पुन्हा तेच हॉटेल. ह्यांनी शेवभाजीचा घास घेतला आणि थांबले. अजून एक घास घेतला, सावकाश चावला. मग वेटरला जवळ बोलावलं.

"मसाला कच्चा राहिला रे आज. घाईत उतरवली भाजी. आत सांग जाऊन."

वेटरचं तोंड एवढंसं झालं. तो "सॉरी साहेब" म्हणत उभा राहिला आणि मी त्याच्याकडे बघत राहिले. इतका हेवा मला त्याच्या टिपचासुद्धा कधी वाटला नव्हता.