न आटणारी घागर

आमचे भावजी पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह सोडायला आहेत. तीस वर्षं सकाळी सहाला किल्ली फिरवायची आणि साडेसहाला बंद करायची. मग कुणाच्या डोक्याला साबण असला तरी असो. रविवारी मात्र आम्ही घरचे चौघं टेबलावर फासे टाकून राक्षसांशी लढायचा खेळ खेळतो. खेळ चालवते त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची.

परवा तिने खेळात भावजींना जादूची घागर दिली, कधीच न आटणारी. ताई म्हणाली, "राक्षसांचा किल्लाच बुडवू." मी म्हटलं, "पाण्याच्या जोराने दार फोडू." भावजींनी सगळं ऐकून घेतलं आणि वहीत वेळापत्रक आखलं.

तेवढ्यात ड्रॅगन आला आणि माझ्या मांत्रिकाचा अंगरखा पेटला.

"भावजी, घागर उलटी करा!"

"पाणी सहाला."

"अहो, मी जळतोय!"

"आज तुला अवेळी पाणी सोडलं, तर उद्या सगळे जळत येतील."

मी आशेने भाचीकडे पाहिलं. पण पोर शेवटी बापाचीच. फासे खाली ठेवत ती म्हणाली, "ड्रॅगन रांगेत उभा राहिला. मामा, तुझा नंबर त्याच्या मागे."