रिकामे होण्याचा वेळ

नऊ ऑगस्ट. पाळीवर माणसे चार; पाळी सुटली तेव्हा तीन.

चौथा माणूस ऊर्ध्वपातनाच्या भांड्यापाशी उभा होता. त्याने कधी शाळेत शिकवले नव्हते, पण नव्या माणसांना वाल्व्ह फिरवायला तोच शिकवी, म्हणून सारा कारखाना त्याला मास्तर म्हणे. चौकशी समितीने अहवाल झटपट दिला. मास्तरने आधीच्या घाण्याचा, म्हणजे आधीच्या खेपेला उकळलेल्या मालाचा, गाळ भांड्यात तसाच ठेवून वर नवा घाणा चढवला. साठत गेलेला गाळ तापला आणि भांडे फुटले. कारण: कामगाराचा निष्काळजीपणा.

हा अहवाल जिने पुन्हा पुन्हा वाचला ती बाई कारखान्यापासून दूर, कंपनीच्या मुख्य कचेरीत बसत असे. ती रसायन अभियंता होती. पन्नाशी केव्हाच उलटलेली. आईवडिलांमागे धाकट्या भावाला वाढवण्यात लग्नाचे वय निघून गेले, आणि भाऊ मार्गी लागल्यावर दोन खोल्यांत ती एकटी उरली. कारखान्यात जे घडायचे ते आधी संगणकात घडवून पाहायचे, हे तिचे काम. पडद्यावर एक चौकट काढायची, तिला विलगक म्हणायचे, आणि मिश्रणातल्या एकेका घटकाचे भवितव्य ठरवून टाकायचे: हा किती वर जाईल, किती खाली राहील. विद्रावक जवळजवळ सगळा वर, पाणी त्याच्या मागोमाग, आणि काळेकुट्ट, जड असे जे काही उरेल ते ‘गाळ’ या एकाच नावाने बुडाशी. खऱ्या भांड्यात हा निवाडा आच करते. संगणकात तो माणूस करतो.

मग प्रोग्राम विचारतो: भांडे भरायला वेळ किती, तापायला किती, रिकामे व्हायला किती. या शेवटच्या रकान्यात शून्य आधीपासूनच भरलेले असते. बाईने ते तसेच राहू दिले होते. तिच्या खात्याची रीतच ती होती. ज्याला बाजारात भाव नाही, त्याला वेळापत्रकात वेळही नाही.

त्या शून्यावरून वेळापत्रक निघाले आणि वेळापत्रकावर पाळ्या चालल्या. खरा गाळ मात्र जरा निवला की काकवीसारखा घट्ट होई. तो पुरता निथळेपर्यंत थांबावे तर पुढचा घाणा हुकायचा. तेव्हा सगळ्याच पाळ्या बुडाशी थोडा गाळ ठेवून वर नवा माल घेऊ लागल्या. त्या दिवशी भांड्यापाशी मास्तर होता, एवढाच काय तो फरक.

आदल्या वर्षी बाई कारखाना पाहायला गेली होती. तेव्हा त्याने विचारले होते, “बाई, तुमच्या कॉम्प्युटरातलं भांडं रिकामं व्हायला किती वेळ लागतो हो?”

“चुटकीसरशी होतं,” ती म्हणाली होती.

“मग एक आम्हालाही धाडून द्या की! आमचं म्हणजे सरकारी कचेरी. आत गेलेलं बाहेर यायचं नाव घेत नाही.”

सगळे हसले. तीही हसली. परत आल्यावर तिने तो रकाना उघडूनही पाहिला नाही.

अहवालानंतर काही दिवसांनी मास्तरची थोरली बहीण अहवालाची प्रत मागायला मुख्य कचेरीत आली. तिला बाकावर बसवून सगळे आपापल्या कामाला लागले. बाईने तिला पाणी नेऊन दिले.

“भांडं रिकामं केलं नाही म्हणतात त्यानं,” बहीण म्हणाली. “घरी ताटात कण टाकायचा नाही हो तो! उलट मलाच बोलायचा, ‘आक्के, कढईला काय चिकटवून ठेवलंयस, उद्या सणसणीत भूक लागली तर खरवडून खाऊ का?’” ती हसली, आणि हसता हसताच पदर तोंडाला लावला. “आता शेजारणी म्हणतात, तुझ्या भावापायी आमचीही माणसं गेली असती.”

“घरी कोण असतं तुमच्या?”

“मी. आणि तुमच्या?”

“मीच.”



संध्याकाळी बाईने आपल्या धाकट्या भावाला फोन करून त्या शून्याचे सांगितले.

“ताई, विकतचं दुखणं घेऊ नकोस. निवृत्ती तोंडावर आलीय. गप्प बस.”

“गप्पच बसले होते रे. भांडं फुटलं.”

“मग सोड ती नोकरी. इकडे ये राहायला.”

“बायकोला विचारलंस?”

त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. “बघतो,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने रकान्यात गाळ निथळण्याचा खरा वेळ घातला. निम्मे घाणे वेळापत्रकात मावेनात. मग दर घाण्यात थोडा गाळ मागे ठेवून पाहिला. पडद्यावर बुडाच्या गाळाची रेघ घाण्यागणिक चढत गेली. ते घेऊन ती खात्याच्या साहेबांकडे गेली.

“शून्य माझं होतं, साहेब. मास्तरचं नव्हे.”

“कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, बाई. तुमचं मॉडेल म्हणजे नुसतं मार्गदर्शन. ते पाळलंच पाहिजे असं कुठंय?”

“घाणा हुकला की पाळीची वेतनवाढ अडते. हेही मार्गदर्शनच का?”

“चहा सांगू तुमच्यासाठी?” साहेब म्हणाले.

तिने समितीला लेखी निवेदन दिले. ‘नोंद घेतली’ असे उत्तर आले. जेवणाच्या सुट्टीत तिच्या टेबलाभोवतालच्या खुर्च्या एकेक करून सरकल्या. “बाईंवाचून आमचं पान हलत नाही,” असे कालपर्यंत म्हणणारे आज पाठमोरे बसून जेवत. तिने डबा आपल्या जागेवर आणून खायला सुरुवात केली. कुणी कारण विचारले नाही. उत्पादन खात्याचा हुकूम मात्र महिन्याभरात निघाला: रिकामे होण्याच्या रकान्यात बाईंचा आकडा भरावा आणि घाणे कमी करावेत. तिची दुरुस्ती खरी ठरली. तिची कबुली मात्र कुणाला नको होती.

निवेदनाची प्रत घेऊन ती मास्तरच्या बहिणीच्या घरी गेली. बहिणीने ती दारातच, बोट फिरवत, शेवटपर्यंत वाचली.

“म्हणजे अहवालातले ते शब्द खोडले?”

“नाही.”

बहिणीने कागद परत दिला नाही. पण दारातून बाजूलाही झाली नाही.

नवे भांडे आता प्रत्येक घाण्यानंतर पुरते रिकामे होते. अहवाल होता तसाच आहे. मास्तरच्या नावापुढचा निष्काळजीपणा मागे घेणे अजून बाकी आहे.