ती खुर्ची काकांची नव्हती

चेरोकी या अमेरिकेतल्या मूळनिवासी राष्ट्रावर अन्याय झाला. तारीख २९ डिसेंबर १८३५. राष्ट्राच्या वतीनं सही करायचा अधिकारच नसलेल्या मूठभर माणसांच्या सह्या घेऊन अमेरिकन सरकारनं त्यांची पूर्वेकडची भूमी लिहून घेतली, आणि १८३८मध्ये दारात सैनिक उभे करून माणसांना हुसकावलं. त्याच करारात एक वचनही आहे: अमेरिकन संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, प्रतिनिधिगृहात चेरोकींचा एक प्रतिनिधी बसेल. ती जागा अजून रिकामी आहे. हे मला ज्यांनी सांगितलं ते शरदकाका गेल्या महिन्यात इथे अमेरिकेत, ॲन आर्बर गावी वारले, आणि शोकसभेत सगळे त्यांच्या हातच्या पोह्यांबद्दलच बोलले.

काका मूळचे नागपूरचे, निवृत्त इंजिनियर. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत बसून एकच विषय वाचायचे: करारातला शब्द पाळा म्हणून चेरोकींची शिष्टमंडळं एकोणिसावं शतकभर वॉशिंग्टनला कशी जात राहिली. भाड्याच्या खोल्या, साहेबांच्या दाराबाहेर ताटकळणं, 'पुढच्या अधिवेशनात बघू'... काही तिथेच वारले, त्यांच्या जागी दुसरे आले. मी पुण्याहून शिकायला आलेली, चळवळीची पत्रकं वाटत वाढलेली. मी वैतागून म्हणाले, "काका, नुसते अर्ज कसले करायचे!" ते म्हणाले, "पुढारीणबाई, कोर्टात जिंकूनही पाहिलं त्यांनी. निकाल पाळला का कुणी?"

मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला काका घरून एक निळी घडीची खुर्ची आणायचे, पहिल्या रांगेत मांडायचे आणि तिच्यावर कुणाला बसू द्यायचे नाहीत. थंडीत आत शिरणारा जो तो तिच्यावर जाडजूड जॅकेट टाकायचा. काका निमूटपणे उचलून खुंटीला लावायचे. एका संक्रांतीला नव्या सेक्रेटरीला वाटलं, प्रमुख पाहुणे यायचेत. त्यानं कार्यक्रमच थांबवून धरला. "काका, गेस्टना पार्किंग मिळत नाहीये का? फोन करू?"

"कर ना. वॉशिंग्टनला कर."

हॉल हसला. मग काकांनी हातातला तिळगूळ तसाच धरून त्या वचनाची हकिगत सांगितली. मागून कुणीतरी म्हणालं, "आपली ग्रीन कार्डं अडकलीत, तुम्ही त्यांचं काय घेऊन बसलात यार!" काका वळले. "मीही त्या रांगेत वर्षं काढली रे. पण माझं घर काढून घेऊन मला रांगेत उभं केलं नव्हतं."

शेवटची भेट हॉस्पिटलात. खोलीत एकच खुर्ची, मी सवयीनं उभीच. "बस गं," काका म्हणाले, "ही त्यांची नाही." मग डोळे मिटूनच विचारलं, "बसवलं का गं त्यांना?"

"नाही, काका."

हो म्हणायला हवं होतंस, असं काकू म्हणतात. मला नाही वाटत. ज्यांनी आयुष्य खोट्या वचनांच्या मागे घालवलं, त्यांना जाताना आणखी एक कशाला...

परवा मंडळाच्या कार्यक्रमात काकूंनी निळी खुर्ची आणून मांडली आणि स्वतः मागे जाऊन बसल्या. लोक यायचे, थबकायचे, जॅकेट हातातच धरून पुढे जायचे. तेवढ्यात कुणीतरी काकांचा हार घातलेला फोटो आणून त्या खुर्चीवर ठेवला. मी उठले, तो उचलला आणि बाजूच्या टेबलावर ठेवला. काकू तेवढ्या म्हणाल्या, "बरं केलंस."

अमेरिकेत राहून हे वाचताय ना? मग उद्या सकाळी तुमच्या भागातल्या काँग्रेस सदस्याच्या ऑफिसला फोन करा आणि विचारा, चेरोकींच्या प्रतिनिधीला कधी बसवताय? 'बघू' म्हणाले, तर परवा पुन्हा करा.