पोरी माझ्याकडं बघत नसत

मार्गशीर्षात बायको गेली. भेटायला येणारे म्हणतात, चाकणात पोरींचे फोटो काढावेत ते तुम्हीच. खोटं आहे. मी नुसता कॅमेऱ्याचा रबरी फुगा दाबायचो.

पंचावन्न सालाच्या आसपासची गोष्ट. लग्नाची पोरगी परक्या पुरुषासमोर मान वर करायची नाही. फोटोत निम्मा भांगच यायचा. म्हणून बायको माझ्या मागं स्टुलावर बसून पोरीशी बोलायची. पोरगी तिच्याकडं बघायची, तेवढ्यात मी फोटो घ्यायचो.

निघोज्याचा एक शेतकरी लेकीला घेऊन आला. पोरीच्या तोंडावर देवीचे वण. आधी पुण्यात काढलेल्या फोटोत फोटोवाल्यानं निगेटिव्हच्या काचेवर पेन्सिल फिरवून ते बुजवलेले. तो बघून दोन ठिकाणचे पाहुणे आले आणि पोरगी बघून चहा न घेताच उठले. आता तिसरं स्थळ चऱ्होलीचं होतं. तरी बाप म्हणाला, "वण तेवढे काढा. आन् लवकर उरका. धारेची वेळ झाली, म्हैस हिच्याबिगर कुणाला हात लावू देत न्हाई."

बायकोनं पोरीला विचारलं, "बापाला बी न्हाई?"

"त्यांला तर दोनदा पाडलंय," पोरगी म्हणाली आणि हसली. मी फुगा दाबला.

काच धुतली. वण होते तसेच होते, पण नजर तिकडं जातच नव्हती. मी सवयीनं पेन्सिल उचलली, ती बायकोनं काढून घेतली.

बाप फोटो बघून चिडला. "वण बी दिसत्यात, दात बी दिसत्यात."

"दादा, आता येणारा बघूनच येईल. मागं फिरायचा न्हाई," बायको म्हणाली.

आठवड्यानं चऱ्होलीच्या मुलाची आई फोटो घेऊन दुकानात हजर. वणांचं नाव काढलं नाही. तिचा सवाल निराळाच. "पोरगी कुणाकडं बघून हसतीया?"

मी तेव्हा तरणा होतो, काहीही बोललो असतो तरी स्थळ मोडलं असतं.

बायको पुढं झाली. "माझ्याकडं. बसा."

बाई तासभर बसली. म्हशीची गोष्ट दोनदा सांगायला लावली. उठताना म्हणाली, "आमच्याकडं बी एक मारकी हाय. बरंच झालं."

लग्नात फोटो काढायला मी एकटाच गेलो. नवरी मान वर करीना. सासू मला म्हणाली, "तुम्ही बाजूला बसा जरा. गाडी पाठवलीया तुमच्या मंडळींना आणायला."