शेवटचा नळ

गावाला पाणी सोडणारे आबा टाकीत जंतू मारायची पावडर टाकली की शेवटच्या नळावर, म्हणजे आमच्याकडे, येतात. काचेच्या नळीत पाणी धरून औषधाचे थेंब घालतात. पाणी पिवळं झालं, म्हणजे पावडर इथवर पोचली, की म्हणतात, "बठ्ठं बराबर शे." चहाला वास येतो म्हटलं, तर ते नळी धुवायला लागतात.

एकदा पावडर संपली. आबा व्हॉल्व्हची चावी मांडीवर घेऊन टाकीखाली बसले. "पावडर सरनी. पानी सोडाव नही." सरपंच ओरडून गेले. मग हंडा घेऊन आबांची बायको आली. घरी मुलीची हळद होती. आबांनी तिलाही तेच सांगितलं.

दुपारी साक्रीहून पावडर आली. अंगावर हळद वाळलेली मुलगी दारात बसली होती. तिच्यासमोरून आबा आमच्या नळावर आले, आणि पाणी पिवळं झाल्यावरच घरी गेले.