जगबुडी बघायला आलेले पाहुणे

आमच्या निपाणीच्या घरात जग बुडालं ते एका रविवारी संध्याकाळी, पोह्यांच्या बशा फिरत असताना.

बशा फिरत होत्या येळ्ळूरहून आलेल्या पाहुण्यांसमोर. मुलगी बघून झाली होती. सुमन मला आवडली होती. आवडली म्हणजे काय, गेला आठवडाभर शाळेत मी सातवीला आठवीचं विज्ञान शिकवत होतो! आता तिच्याकडची मंडळी आमचं घर बघायला आली होती. आमच्याकडे घर पसंत पडलं की तिथल्या तिथं सुपारी फोडतात. फुटली की लग्न ठरलं. नाही फुटली तर पाहुणे ‘कळवतो’ म्हणून उठतात आणि पुन्हा कधीच कळवत नाहीत. मला तोवर पाच ठिकाणांहून कळवायचं राहिलेलं होतं.

म्हणून या वेळी मी डोकं चालवलं. (इथंच सगळं बिघडलं.) गल्लीतला पहिला टीव्ही आमच्याकडे आला होता. त्या रविवारी एक नवी हिंदी मालिका सुरू होणार होती आणि पेपरात तिच्याबद्दल एवढंच छापलं होतं, ‘एका नव्या जगाची कहाणी’. मी म्हटलं, वा! नवं जग, नवा संसार, किती शुभ! पाहुण्यांना मुद्दाम तीच वेळ दिली.

पाहुणे म्हणजे सुमनचे वडील परशराम अण्णा आणि तिची आत्या ताराबाई. अण्णा शांत. आत्याबाई मात्र घरात शिरल्या त्या जकात नाक्यावर गाडी तपासावी तशा. पाण्याचा हंडा उचलून बघितला, भिंतीवर टकटक केली आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

मालिकेची वेळ झाली तशी गल्ली आत आली. विड्या वळणाऱ्या बाया मांडीवर सूप घेऊन ओळीनं बसल्या. (पानं, तंबाखू, दोरा सगळं सुपात. टीव्हीपायी हात थांबवणं त्यांना परवडणारं नव्हतं.) सगळ्यांच्या पुढं शेजारच्या शेवंताक्का. मी टीव्हीशेजारी उभा राहून अण्णांना म्हटलं, “घरगुती मालिका आहे. संसाराची.”

आणि पडद्यावर बाँब पडला.

एक नाही, सात-आठ. शहरं जळाली, पूल कोसळले, माणसं पटापट मेली. पाच मिनिटांत संसार करायला कुणी शिल्लक राहिलं नाही! सुपांवरचे हातसुद्धा थांबले.

“आगं बया,” शेवंताक्का म्हणाल्या, “आन ह्ये सुपारीच्या येळंला लावलंय व्हय रं, मास्तर?”

मी टीव्ही बंद करायला धावलो. चाळीस तोंडांतून एकच आवाज आला, “बस खाली!” शेवटी मी बसलो.

पडद्यावर निवेदक सांगत होता की कशीबशी सात माणसं वाचली आहेत, बाकी आता देशात सरकार नाही, कचेऱ्या नाहीत, काही नाही. हे ऐकून माझे वडील, आमचे आप्पा, ताडकन उभे राहिले. सीमाप्रश्नासाठी ते दोनदा तुरुंगात जाऊन आले होते.

“सरकारच न्हाय? म्हंजे सीमा बी न्हाय! सुटला की वो प्रश्न!”

इतका वेळ गप्प असलेले परशराम अण्णा पहिल्यांदा बोलले. “असं कसं सुटंल, आप्पा? जग बुडू दे न्हायतर ऱ्हाऊ दे, आधी ठराव व्हायला पायजे.”

“ठराव करायला माणसं कुठं हायत? सातच वाचल्यात!”

“सात लई झाली. पर त्यातली मराठी किती, त्ये बघा.”

दोघं पडद्यावरची माणसं नावनिशीवार तपासायला लागले. मला जरा धीर आला.

पण ती सात माणसं तळघरात लपली आणि माझे दिवस फिरले. त्यातल्या एकानं बिस्किटांचा डबा कोटात लपवला. शेवंताक्का एकदम खूष!

“ह्यो बघा, आमच्या मास्तरावानी! पाव्हणं आलं की ह्यो बी कडबोळ्याचा डबा कपाटावर सारतोय.”

“आक्का, मालिका बघा की!” मी म्हटलं.

“बघतोयच की.”

तेवढ्यात त्या माणसाच्या पायावरून उंदीर गेला आणि तो किंचाळत पेटीवर चढला. आता सगळ्या ओळीलाच कंठ फुटला. “मास्तर न्हाय का, पाल बघून टेबलावर चढलता?” “आन रॉकेलच्या रांगंत कुत्रं भुंकलं तवा?” जगात उरलेल्या सात माणसांपैकी ह्याच एकाशी माझं इतकं साम्य असावं, हे माझं नशीब! आत्याबाई पडद्याकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या. सुमन गेली, सहावं घरही आता कळवतो म्हणणार.

पडद्यावर रात्र झाली. तळघराचं दार कुणीतरी वाजवलं. बाहेर कोण, माणूस की आणखी काही? एक म्हातारा थरथरत कडीकडे गेला, कडीला हात लावला...

आणि वीज गेली. त्याच क्षणी आमच्या दारावर धाडकन थाप पडली!

पुढचं मला नीट आठवत नाही. दार उघडल्याचा आणि कोपऱ्यावरच्या शिंप्याचा आवाज तेवढा आठवतो, “आरं, सुरू झालं काय?” मग आईनं कंदील आणला. उजेडात बाया, सुपं, अण्णा, आप्पा, सगळे जागच्या जागी बसलेले दिसले.

“नवरा मुलगा कुठाय?” आत्याबाईंनी विचारलं.

नवरा मुलगा, बी.एस्सी., बी.एड., खाटेखाली होता. हातात पोह्यांची बशी, नाकाला कोळ्याचं जाळं. तिथून मी म्हणालो, “फ्यूज बघत होतो.”

हसून हसून बायांची सुपं कलंडली. आप्पांनी कपाळाला हात लावला. मी बाहेर आलो तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, आणि ते जाळ्यामुळं नव्हतं. अण्णा उठायला लागले, खाकरले आणि म्हणाले, “बरं, मग आमी...”

“खाली बस, दादा,” आत्याबाई म्हणाल्या. “फोड सुपारी.”

“आगं तारा, खाटंखाली गेला की त्यो!”

“व्हय, पर घराभायेर गेला न्हाय न्हवं? आमचं मालक वाघासारखं. घरात जरा वाजलं की दार उघडून जी जात्यात, ती पंधरा पंधरा दीस मुंबईत. ह्यो जाऊन जाऊन जाणार कुठं? सापडंल तरी!”

कंदिलाच्या उजेडात सुपारी फुटली.

लग्नात त्यांच्याकडून एक शिसवी पलंग आला, नेहमीपेक्षा चांगला हातभर उंच. मी म्हटलं, “सुताराचं माप चुकलेलं दिसतंय.” सुमन म्हणाली, “न्हाय. आत्यानं सोता सांगितलंय, खाली बसल्यावर जावयाच्या डोक्याला लागाय नको.”